दोन ‘वेस्ट’

इंग्रजीत गंजीफ्रॉक म्हणजे ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशाही ‘वेस्ट’. उच्चार मात्र दोन. आपल्याकडे दोहोंना मिळून ‘व’ एकच. चाळिशीतल्या विद्यार्थ्याला दहादा ऐकवले तरी फरक कळत नाही. दोष त्याचा नव्हे. मराठीत या भेदाने अर्थ बदलत नाही, म्हणून कान तो टिपत नाही. तरीही ‘नीट ऐका’ म्हणत राहणे म्हणजे प्रौढ माणसाला चारचौघांत ओशाळे करणे होय. त्यापेक्षा हाती आरसा द्यावा. गंजीफ्रॉकसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून भुंग्यासारखे गुणगुणावे. पश्चिमेसाठी शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करावा, दात लागू देऊ नयेत. हे जमल्यावर द्राक्षवेल आणि द्राक्षाची दारू ही जोडी घ्यावी.