रब्बीच्या पाण्यासाठी सौरपंपाच्या प्लेटांचा कल बदला

सोयाबीनची मळणी उरकली, ज्वारी-हरभरा पेरून झाला. आता पाण्याच्या पाळ्या सुरू होण्याआधी सौरपंपाच्या प्लेटांचा कल तपासून घ्या.

परभणीचा अक्षांश साधारण १९.३ अंश. म्हणून वर्षभर न हलवायच्या प्लेटांना २० अंश कल आणि दक्षिणेला तोंड, हा सर्वसाधारण नियम आहे. घराच्या छतावर तो योग्यच, कारण तिथली जादा वीज ग्रीडमध्ये जाऊन बिलात वळती होते. शेतातल्या पंपाचे तसे नाही. श्रावणात पिकावर पाऊस पडत असताना पंप बंदच असतो; तेव्हाचे ऊन कामी येत नाही. खरी निकड असते डिसेंबर-जानेवारीत. ज्वारी पोटरीत, हरभरा घाट्यात, आणि दिवस लहान. तेव्हा कल ठरवायचा तो याच दोन महिन्यांकडे बघून.

डिसेंबरअखेरीस भर दुपारीही आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ४७ अंशच वर येतो. त्या वेळच्या थेट उन्हापैकी आडव्या प्लेटेला सुमारे ७३ टक्के, २० अंश कलाला ९२ टक्के आणि ३४ अंशाला जवळजवळ ९९ टक्के मिळते. म्हणून दिवाळीनंतर ३४ अंश ठेवावा, होळीला २० वर आणावा आणि उन्हाळी भुईमुगासाठी एप्रिल-मे महिन्यांत १० वर. त्याखाली नको, धूळ वाहून जात नाही. वळवाच्या वाऱ्यातही कमी कलाची प्लेट सुरक्षित राहते.

कोनमापक नसला तरी अडत नाही. प्लेटेच्या उतारावर १ मीटर अंतर मोजा. त्याची दोन टोके उंचीत ३४ सेंटिमीटरने वरखाली असतील तर कल २० अंश, ५६ असेल तर ३४ अंश, १७ असेल तर १० अंश.

दिशेसाठी होकायंत्र लोखंडी सांगाड्याजवळ धरू नका, सुई फसते. त्यापेक्षा ओळंबा टांगा. परभणीत दिवाळीच्या सुमारास दुपारी १२ वाजून ७ मिनिटांनी दोरीची सावली नेमकी उत्तरेला पडते. तोंड दक्षिणेपासून दहा-पंधरा अंश सरकलेले असले तर फार बिघडत नाही, त्यासाठी पाया उकरू नका. सावली मात्र खपवून घेऊ नका. डिसेंबरात सकाळी नवाच्या सुमारास बांधावरच्या लिंबाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे दुप्पट लांब जाते, आणि एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा ओळीतल्या साऱ्या प्लेटांची वीज घटवते. फांद्या आत्ताच छाटा.

मळणीचा भुसा काचेवर चिकटला असेल तर सकाळी काच थंड असताना मऊ फडक्याने पुसा. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका.

कल बदलण्याची सोय बऱ्याच सांगाड्यांना असते. हमीची मुदत चालू असेल तर आधी पुरवठादाराला विचारा. पंप बंद करून, दोन माणसे धरायला घेऊन मगच बोल्ट सैल करा. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात खांब कलतात. म्हणून बोल्ट आवळण्याआधी खांबालाही ओळंबा लावून बघा.