जबलपूर ते पुणे : लष्करी ट्रक दारात आणायचा खर्च

जबलपूरमध्ये तयार झालेले जुने लष्करी ट्रक विकत घेण्याची हौस महाराष्ट्रात आता बरीच दिसते. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर 1950च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला शक्तिमान 1996 पर्यंत बनत होता. त्याच्या जोडीला निस्सानचे दोन भाऊ होते, वन-टन ट्रक आणि जोंगा. महेंद्रसिंग धोनीने 2019 मध्ये जोंगा घेतली. विक्रेत्याने बोलता बोलता ते नाव काढले की समजावे, आता भाव वाढणार.

गाडीच्या किमतीवर घासाघीस करायला सगळ्यांनाच जमते. घोळ होतो तो पुढे, गाडी घरी आणताना. म्हणून इथे किंमत बाजूला ठेवून फक्त घरी आणण्याचा हिशेब मांडला आहे. उदाहरण धरले आहे ते निस्सान वन-टनचे : सहा सिलेंडरचे, चार लिटरच्या आसपासचे पेट्रोल इंजिन, जबलपूरचा खासगी मालक, पुण्यातला खरेदीदार, अंतर साधारण हजार किलोमीटर. सरकारी शुल्क आणि विम्याचे दर सोडले, तर पुढचे आकडे माझे अंदाज आहेत. आपल्या गावचे भाव घालून ते बदलून घ्यावेत.

आधी आरसी, मग बॉनेट

गाडी पाहायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो. त्याआधी आरसी उघडावी. गाडी चालवत आणता येईल की ट्रेलरवर घालावी लागेल, हे इंजिनाच्या आधी आरसीवरचा एक रकाना ठरवतो : वाहनाचा वर्ग.

तिथे मालवाहू असे लिहिले असेल, तर गोष्ट जवळपास संपलीच. भारासह वजन 3,000 किलोंहून जास्त असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागते, आणि 12 वर्षांवरच्या साध्या ट्रकला नॅशनल परमिट मिळत नाही. म्हणजे मध्य प्रदेशची हद्द ओलांडायची तर तात्पुरते परमिट काढा, शिवाय पासिंग चालू असले पाहिजे, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचे पासिंग दर वर्षी करावे लागते. परमिटशिवाय पकडले गेलात तर दंड 10,000 रुपये, आणि गाडी चौकीच्या आवारात अडकते. हौदा रिकामा आहे, ट्रक हौसेचा आहे, हे तिथे सांगून उपयोग होत नाही.

आरसीवर खासगी वापराची हलकी गाडी अशी नोंद असेल, तर मार्ग मोकळा. लष्कराने पूर्वी विकलेल्या बऱ्याच गाड्या अशा नोंदवलेल्या सापडतात. मग पाहायचे ते एवढेच : नोंदणीची मुदत संपली आहे का, आणि इंजिन क्रमांक जुळतो का. जोंगा आणि वन-टनमध्ये पेट्रोलचा खर्च न परवडल्याने डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत सर्रास होती. इंजिन बदलले आणि आरसीवर ‘पेट्रोल’ तसेच राहिले, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. अशी गाडी कितीही गोड चालत असली, तरी आधीच्या मालकाने नोंद दुरुस्त करून द्यावी, मगच पैसे मोजावेत. ‘तुम्ही तिकडे करून घ्या, पुण्यात लगेच होते’ हे वाक्य ऐकू आले की उठावे.

नोंदणीची मुदत संपली असेल तर वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे. ते विक्रेत्याकडून वळते करून घ्या. मध्य प्रदेशातल्या आरटीओची एनओसी (नमुना 28) आणि मालकबदलाचे नमुने 29 आणि 30 सहीसह हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. महाराष्ट्रात आल्यावर एमएच क्रमांक, इथला रस्ता कर आणि पर्यावरण कर यांचा खर्च वेगळा. तो गाडीच्या वयावर आणि मूळ किमतीवर ठरतो, तेव्हा आपल्या आरटीओत आधीच विचारून आकडा कागदावर घ्या. दिल्लीची गाडी असेल तर दुप्पट सावध राहा. तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी रद्द होत आली आहे, आणि रद्द झालेल्या नोंदणीची गाडी म्हणजे मायापुरीच्या भंगारबाजारातला माल.

थेट लष्कराच्या लिलावातून गाडी उचलण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांना एक वाईट बातमी. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांकडेच जातात. संरक्षणाच्या कामातल्या चिलखती आणि खास गाड्या तेवढ्या या नियमाबाहेर आहेत. जुन्या काळी लिलावातून घेतलेल्या गाडीबरोबर लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला नमुना 21 मधला विक्री दाखला असे. त्याची मूळ प्रत विक्रेत्याकडे असेल तर मागून घ्या, तो गाडीच्या जन्माचा पुरावा आहे.

व्हिंटेज नोंदणीचे आकर्षण अनेकांना असते. 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीचे 5,000. अडचण अशी, की पन्नास वर्षे पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात. ट्रक 1972 साली बनला, वीस वर्षे लष्करात राहिला आणि 1992 मध्ये नागरी नोंदणी झाली, तर तारीख कोणती धरायची? याचे उत्तर आरटीओकडून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर 20,000 घालू नका. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला नाही : प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते.

रंगाचा खर्च विसरू नका

ज्या ऑलिव्ह ग्रीन रंगासाठी माणूस या गाडीच्या प्रेमात पडतो, तोच रंग रस्त्यावर चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121व्या नियमानुसार हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आरसीवर दुसरा रंग लिहिलेला असतो आणि विक्रेत्याने ‘ओरिजिनल लूक’ म्हणून पुन्हा हिरवा फासलेला असतो, हा प्रकार नेहमीचा. निघण्याआधी आरसीवरचा रंग द्या. एका हाताचे काम 15,000 रुपयांत होईल. पत्रा घासून, प्रायमर देऊन नीट काम पुण्यात करायचे तर 50,000 धरा. बाण असलेला लष्करी क्रमांक, युनिटची चिन्हे, फाळक्यावरची अक्षरे, सगळे काढून टाका. छावणीच्या गावांतून जाताना, आणि जबलपूर ते पुणे रस्त्यावर अशी गावे आहेतच, लष्करी पोलीस थट्टेच्या मूडमध्ये नसतात.

विमा आणि लायसन्स

थर्ड पार्टी विम्याशिवाय एक किलोमीटरही नाही. 1,500 सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा 2022 मध्ये ठरलेला दर 7,897 रुपये. 18 टक्के जीएसटी धरून 9,318. व्हिंटेज म्हणून नोंद झालेल्या गाडीला यात निम्मी सूट आहे. मालवाहू नोंद असेल तर साडेसात टनांपर्यंत 16,049 आणि त्यापुढे बारा टनांपर्यंत 27,186 रुपये, अधिक कर. विक्रेत्याची पॉलिसी चालू असेल तर खरेदीनंतर 14 दिवसांत ती आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो.

साध्या कारच्या लायसन्सवर भारासह 7,500 किलोंपर्यंतची गाडी चालते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही तेच सांगितले. वन-टन त्यात बसतो. शक्तिमान घेत असाल तर आरसीवरचे वजन बघा. आकडा 7,500 च्या वर गेला की अवजड वाहनाचे लायसन्स असलेला चालक हवा, आणि त्याचा रोज वेगळा.

निघण्याआधीची दुरुस्ती

उभ्या राहिलेल्या गाडीत सर्वांत आधी ब्रेक मरतात. व्हील सिलेंडरमधले रबर कडक होते, ब्रेक ऑइल पाणी शोषते, नळ्या आतून सुजतात. पॅडल वरवर ठीक लागते आणि पहिल्या उतारावर खाली जाते. चारही व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरचे किट, रबरी नळ्या आणि मजुरी मिळून 14,000 रुपये. हा खर्च टाळून निघणाऱ्याबरोबर मी गाडीत बसणार नाही.

इंधनाच्या नळ्यांचेही तसेच. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे गॅस्केट आधी फुगतात, मग गळतात. इंजिन गरम असताना पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. नव्या नळ्या, पंखा-पट्टा आणि क्लिप 2,500, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, एक जादा कॉइल 2,500, इंजिन, गिअर आणि डिफरन्शियलचे ऑइल, फिल्टर, ग्रीस, कूलंट 6,000, बॅटरी 8,000. टाकीच्या तळाशी गंज असेल तर ती धुण्यात दोन दिवस जातात. त्याऐवजी प्रवासापुरता पारदर्शक फिल्टर लावा आणि दोन-तीन जादा जवळ ठेवा.

टायर हा मोठा आकडा आहे. साइडवॉलवर चार अंकी तारीख असते : पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार अंकच नसतील तर तो टायर गेल्या शतकातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी साइडवॉलला बारीक भेगा असलेला टायर हजार किलोमीटर जाणार नाही. स्टेपनीसह पाच टायर-ट्यूब 60,000 रुपये. रिमोल्ड स्वस्त पडतो. मागे एखादा चालेल, पुढे मुळीच नको.

टायर बदलताना पंचरवाल्याला एक गोष्ट स्वतः उभे राहून सांगा. लष्करी चाकाची रिम अनेकदा दोन तुकड्यांची किंवा लॉक-रिंगची असते. त्या तुकड्यांना जोडणारे नट हवा भरलेली असताना सोडले, तर रिम तोफगोळ्यासारखी उडते आणि समोरचा माणूस मरतो. आधी व्हॉल्व्हचा पिन काढून सगळी हवा सोडायची, मग पान्याला हात लावायचा. ज्याने अशी रिम पूर्वी उघडलेली नाही, त्याच्याकडे काम देऊ नका.

दुरुस्तीची बेरीज : टायरशिवाय 33,000, टायरसह 93,000.

चालवत की ट्रेलरवर?

हा ट्रक ताशी 45-50 किलोमीटरला सुखात असतो. त्यामुळे नागपूरहून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नकाशावर सोयीचा दिसला तरी टाळा. जिथे मोटारींना 120ची मुभा आहे, तिथे 45ने चालणारा, मंद टेललॅम्पचा ट्रक म्हणजे मागून येणाऱ्याला भिंतच. जबलपूर, सिवनी, नागपूर हा पहिला दिवस. कुरईचा घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या दिवशी अमरावती, कारंजा करत मेहकर. तिसऱ्या दिवशी जालना, छत्रपती संभाजीनगर करत अहिल्यानगर. चौथ्या दिवशी घर. अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय आहे, तेव्हा सकाळचे दोन तास तिथे घालवायला हरकत नाही. ट्रकही तेवढाच विसावतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मे महिन्यात विदर्भात पेट्रोल पंपातच उकळते आणि गाडी मधेच बंद पडते. मग पंपावर ओले फडके गुंडाळून सावलीत बसणे एवढेच हाती राहते. आणि डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडू नका. चारही चाकांचा जोर दाखवण्याच्या नादात ट्रान्सफर केस आवळून बसते, त्याचे बिल वेगळे येते.

चालवत आणण्याचा खर्च असा. लिटरला चार किलोमीटर धरले तर 250 लिटर पेट्रोल, 105 रुपयांप्रमाणे 26,250. टोल 4,000, फास्टॅग गाडीच्या योग्य वर्गाचा काढा, नाहीतर प्रत्येक नाक्यावर वाद. तीन माणसांचे तीन रात्रींचे राहणे-जेवण 12,000. मागे चालणारी मित्राची डिझेल मोटार, जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर, 12,250. ती चैन समजू नका : हत्यारे, जादा पेट्रोल आणि अंधारात मागचे लाल दिवे तिच्याकडेच असतात. मेकॅनिकचा रोज 1,500 प्रमाणे पाच दिवस, 7,500. एकूण 62,000.

ट्रेलरचे भाडे 65,000, चढवणे-उतरवणे 6,000, तुमचा स्वतःचा प्रवास 5,000, एकूण 76,000. फरक 14,000 रुपयांचा. पण चालवत आणताना वाटेतल्या बिघाडासाठी 20,000 रोख वेगळे ठेवावे लागतात आणि ते क्वचितच परत घरी येतात. मेहकरच्या पुढे गिअरबॉक्स बसला, तर पेट्रोलचा खर्च झालेला आणि ट्रेलरचाही करायचा. टोचन करून आणण्याचा मोह तेव्हा होतोच; सिंगल रस्त्यावर तीन-चारशे किलोमीटर टोचन म्हणजे दोन गाड्या आणि दोन चालक पणाला लावणे.

माझा कौल स्पष्ट आहे. मालकाने गेल्या सहा महिन्यांत गाडी नियमित चालवली असेल, तुम्ही स्वतः ती पन्नास किलोमीटर फिरवून आणली असेल आणि आरसी खासगी वर्गाची असेल, तरच चालवत आणा. यातली एकही गोष्ट कमी असेल तर ट्रेलर. ज्यांना लांब पल्ल्याची हौस फेडायचीच आहे त्यांनी अहिल्यानगरपर्यंत ट्रेलर करावा आणि शेवटचे 120 किलोमीटर चालवावे. बिघडला तरी पुण्याहून मदत दोन-तीन तासांत पोहोचते.

चालवत आणण्याची पूर्ण बेरीज, म्हणजे दुरुस्ती, टायर, प्रवास, विमा आणि राखीव रोख, 1 लाख 84 हजारांच्या आसपास जाते. यात नोंदणी बदलाचा कर आणि रंग धरलेला नाही. ट्रेलरवर आणल्यास ब्रेक आणि टायर पुण्यात सवडीने करता येतात. खडकी आणि देहूरोड भागात लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर भेटतात, त्यांना या गाड्यांची नस माहीत असते. गाडी घेण्याआधीच त्यांच्यापैकी एकाला जबलपूरला बरोबर नेले, तर जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांचा रोज मिळून सात-आठ हजारांत काम होते. सोसायटीच्या गेटची उंची मात्र त्याआधी स्वतः टेपने मोजून ठेवा, आणि ताडपत्रीच्या कमानी लावलेल्या ट्रकची उंची विक्रेत्याकडून मागवून घ्या.