संगणकाचा वेग व विजेची काटकसर

लॅपटॉपची योग्यता केवळ वेगावरून ठरवू नये. तेच काम किती विजेत होते, हेही पाहावे. प्रोसेसरचा विद्युद्दाब निम्मा केल्यास, इतर गोष्टी समान असता, गणनेस लागणारी वीज चतुर्थांश होते. ॲपल कंपनीने २०२० साली काढलेल्या एम-१ प्रोसेसरमध्ये ४ गाभे वेगाचे व ४ काटकसरीचे आहेत. हलकी कामे काटकसरीच्या गाभ्यांवर सोपविता येतात. त्यावरील मॅकबुक एअरला पंखाही लागला नाही.

वर्गात पुढील गणित घालावे : एक यंत्र १० वॅटने ३ तासांत, दुसरे २५ वॅटने १ तासात तेच काम करते. वीज कोणास कमी लागली? पहिल्यास ३०, दुसऱ्यास २५ वॅट-तास. म्हणजे नुसते वॅट पाहूनही भागत नाही. शाळेच्या वेळात वीज जाते, तेथे बॅटरी संपून पाठ अर्धवट राहू नये, म्हणून खरेदीपूर्वी शिक्षकांनी दोन्ही गोष्टी विचाराव्यात.