विकिरणित आंबा आणि कोबाल्टचे अर्धायुष्य

लासलगाव येथील ‘कृषक’ हे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र मुळात कांद्याचे कोंब रोखण्यासाठी उभारले गेले. 2007 साली तेथे प्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेस गेला. ‘असा आंबा किरणोत्सर्गी होतो का?’ ही शंका बागायतदार आजही विचारतात. तिचे उत्तर अणुकेंद्रकातील बलांमध्ये आहे.

केंद्रकातील धनभारित प्रोटॉन परस्परांना दूर लोटतात. तरीही अत्यंत अल्प अंतरावर कार्य करणारे प्रबल बल प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना एकत्र जखडून ठेवते. कोबाल्ट-60 मध्ये 27 प्रोटॉन व 33 न्यूट्रॉन असतात. स्थिर कोबाल्ट-59 पेक्षा एकच न्यूट्रॉन अधिक, पण तेवढ्याने तोल ढळतो. दुर्बल बलामुळे एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन निकेल-60 तयार होते व ते 1.17 आणि 1.33 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडते. फळातील केंद्रकांमधून एखादा कण सुटा करण्यास ही ऊर्जा अपुरी पडते. अगदी सैल बांधणीच्या जड हायड्रोजनलाही सुमारे 2.2 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. कोबाल्टही पोलादी नळ्यांत बंद असतो, फळाला शिवत नाही. म्हणून आंबा किरणोत्सर्गी होत नाही.

कोणता अणू केव्हा ऱ्हास पावेल हे सांगता येत नाही, समूहाचा वेग मात्र ठरलेला असतो. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे आहे; म्हणजे स्रोत दरवर्षी सुमारे 12 टक्के क्षीण होतो. समजा, नव्या स्रोतासमोर अपेक्षित मात्रा 20 मिनिटांत मिळते. वर्षानंतर तीस सुमारे 23 आणि 5.27 वर्षांनंतर 40 मिनिटे लागतील. वेळ वाढवली नाही, तर मात्रा अपुरी राहते आणि कीड निसटते.

अमेरिकेसाठी किमान मात्रा 400 ग्रे आहे. फळमाशीला 150 व कोयीतील भुंग्याला 300 ग्रे पुरतात. या मात्रेने कीड तत्काळ मरतेच असे नाही. ती प्रौढावस्थेस पोहोचत नाही किंवा वंध्य होते. त्यामुळे विकिरणित फळात जिवंत अळी आढळली, एवढ्यावरून प्रक्रिया फसली असे ठरवू नये (हा गैरसमज फार पसरलेला आहे). अशा वेळी मात्रामापकाची नोंद पाहावी, आणि तीही पेटीत जेथे सर्वांत कमी मात्रा पोहोचते, त्या जागेची.