चला, ऱ्हस्व-दीर्घ खेळू या!

शुद्धलेखन म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर लाल शाईने रंगलेली वही उभी राहते. दुबईत शेजारच्या मुलांना घरी मराठी शिकवू लागले, तेव्हा माझ्याही हातात तोच लाल पेन होता. आठ वर्षांच्या एका मुलीने आजीला पत्र लिहिले. मी चार ओळींत अकरा गोल केले. तिने पत्राची घडी करून दप्तरात ठेवली आणि पुढच्या वेळी म्हणाली, "काकू, मी आजीला फोनच करीन." शुद्ध लिहायला शिकवण्याच्या नादात मी तिचे लिहिणेच थांबवले होते!

मग वही बाजूला ठेवली आणि कानापासून सुरुवात केली. येथील शाळांत मुलांना अरबी विषय असतोच. मी विचारले, "जमल म्हणजे काय?" "उंट!" "आणि जमाल?" "सौंदर्य!" एक स्वर लांबला आणि उंटाचे सौंदर्य झाले! मुले खूप हसली. म्हणजे स्वराची लांबी त्यांना नवी नव्हती.

पहिला खेळ चुटकीचा. ऱ्हस्व ऐकू आला की एक चुटकी, दीर्घ ऐकू आला की दोन्ही हात लांब पसरायचे. दिन (दिवस) आणि दीन (गरीब), सुत (मुलगा) आणि सूत (धागा) अशा जोड्या मी मुद्दाम ठासून म्हणते. पण पालकहो, एक लक्षात ठेवा. रोजच्या बोलण्यात आपण इकार-उकारांचा हा फरक नीट पाळत नाही. त्यामुळे नुसत्या कानावर विसंबून चालत नाही, शब्दातली जागाही पाहावी लागते.

म्हणून दुसरा खेळ अक्षरांच्या मेट्रोचा. एकेक मूल म्हणजे एकेक डबा. शेवटच्या डब्यात इकार किंवा उकार असेल तर त्याने हात पसरायचे : गाडी, वाळू, लाडू. शेवटचा डबा साधा अकारान्त असेल तर त्याच्या आधीच्या इकार-उकाराने हात पसरायचे : फूल, वीट, बहीण, खजूर. आता शेवटच्या डब्यात मोठा स्वर चढला की आधीच्याने अंग चोरून त्याला जागा द्यायची : फूल–फुले, वीट–विटा, बहीण–बहिणी. हे एकदा अंगात भिनले की नियम पाठ करावा लागत नाही.

तिसरा खेळ पाहुण्यांच्या डब्याचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपल्या घरची रीत सोडत नाहीत. गुण, विष, मंदिर, पूजा, परीक्षा हे वरच्या नियमात बसत नाहीत. "आणि", "परंतु" यांचाही शेवट ऱ्हस्वच राहतो. त्यांची चिठ्ठ्यांवर चित्रासारखी ओळख करून द्यायची आणि जोड्या लावायच्या. मुलांना हे चटकन पटते. आपणही इथे पाहुणेच, तरी घरी आपली रीत पाळतोच ना?

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. ते १४ होते. १९७२ साली ४ वाढून १८ झाले. ते सगळे मुलांपुढे एकदम ठेवू नयेत. रोज दहा मिनिटे आणि एका वेळी एकच खेळ पुरेसा आहे. आणि मुलाने काही लिहून आणले तर आधी काय लिहिले ते वाचा, कसे लिहिले ते नंतर पाहा.

२०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारची झाली, तसा आमचा वर्गही शुक्रवारवरून शनिवारी आला. गेल्या दिवाळीत त्याच मुलीने आजीसाठी स्वतः शुभेच्छापत्र केले. त्यात तिने "आणी" लिहिले होते. मी काही बोलले नाही, पत्र तसेच जाऊ दिले. पुढच्या शनिवारी पाहुण्यांचा डबा उघडताच ती ओरडली, "काकू, माझा 'आणि' चुकला!"

आजीचे उत्तर आले आहे. आता तिला आजीला दुसरे पत्र लिहायचे आहे. लाल पेन मात्र मी अजून शोधलेला नाही.