आत्या म्हणवून घेण्यापूर्वी

व्हिएतनामी माणसे नित्याच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या जागी बहुधा नात्याचे शब्द योजतात. लहान मूल तरुण स्त्रीला ‘को’ म्हणजे आत्या म्हणते, तरुण पुरुषाला ‘चू’ म्हणजे काका. आणि स्वतःचा उल्लेख, विशेषतः दक्षिणेकडे, ‘कॉन’ म्हणजे लेकरू असा करते. उत्तर देणारे वडील माणूसही त्याला ‘कॉन’च म्हणते. तेव्हा तेथील अनाथालयात चार आठवड्यांच्या सेवेसाठी गेलेली परकी तरुणी पहिल्याच दिवशी आत्या होते. आठवडे सरतात, आत्या निघून जाते, आणि तिच्या जागी दुसरी आत्या येते. अशा सेवेची इच्छा बाळगणारी तरुण मंडळी आपल्याही घरांत असतील. म्हणून हा विषय आम्ही अभ्यासास घेतला आहे.

प्रथम प्रश्न असा की, अनाथ कोणास म्हणावे? एप्रिल १९७५ मध्ये, सायगावचा पाडाव जवळ आला असता, अमेरिकेने दोन हजारांहून अधिक मुले विमानांनी देशाबाहेर नेली. ४ एप्रिलचे पहिलेच मोठे विमान कोसळून १३८ जीव गेले. त्यांत ७८ मुले होती. जी सुखरूप पोहोचली त्यांतील काही मुले आपल्या आईबापांविषयी, भावंडांविषयी बोलू लागली, तेव्हा ती अनाथ नव्हतीच हे ध्यानात आले. युद्धाच्या व दारिद्र्याच्या दिवसांत पोराला दोन वेळचे अन्न मिळावे म्हणून कित्येक मातांनी त्यांना तात्पुरते अनाथालयात ठेविले होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात याविषयी दावा दाखल झाला. नेणाऱ्यांच्या मनात दया नव्हती असे आम्ही म्हणत नाही. दया होती, विचारपूस अपुरी पडली.

ही चूक केवळ युद्धकाळाची नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, केवळ दारिद्र्यामुळे मुलाला आईबापांपासून वेगळे करू नये. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच आमसभेने अनाथालयांतील स्वयंसेवेच्या नावाने चालणाऱ्या मुलांच्या शोषणाकडे राष्ट्रांचे लक्ष वेधले. पाहुण्यांच्या देणग्यांवर जेथे संस्था चालते, तेथे मुले घरी परत पाठविण्यात चालकांचा तोटाच असतो, हे उघड आहे.

व्हिएतनाममध्ये नात्यागोत्याचा आधार अद्याप मोठा आहे. २०२१ च्या महामारीत एकट्या हो चि मिन्ह शहरात दीड हजारांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा दोघेही गमावले; त्यांतील पुष्कळांना आजी-आजोबांनी, मावशी-काकांनी पदराखाली घेतले. निराधार मुलांना व त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांना दरमहा साहाय्य देण्याची शासकीय तरतूदही आहे. परंतु ती रक्कम तुटपुंजी असते. शाळेचा खर्च, सायकल, आजीचे औषध, या गोष्टी उरतातच. ज्यांना दान करावयाचे आहे त्यांनी अशा घरांना साहाय्य करणाऱ्या स्थानिक संस्था शोधाव्यात.

आणि ज्यांना प्रत्यक्ष जावयाचे आहे त्यांचे काय? ज्याच्या हाती विद्या आहे त्याने ती तेथील सेविकांना द्यावी. अपंग मुलाला कसे उचलावे, कसे भरवावे हे जाणणाऱ्या परिचारिकेने ते रोज रात्री उशाशी बसणाऱ्या बाईला शिकविले, तर पाहुणी परतल्यावरही ते टिकते. तान्ही मुले कडेवर घेऊन छायाचित्रे काढण्याची हौस मात्र घरीच ठेवावी. भाषा थोडी शिकून जावे, कमीत कमी मुलांची नावे नीट उच्चारता येतील इतकी.

तेथे मठांच्या दाराशी सोडलेली मुले भिक्षुणी वाढवितात, ही रीत जुनी आहे. त्याच मठांत सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस ‘वू लान’ हा मातृस्मरणाचा सण होतो. त्याची कथा आपल्याच भूमीतील मौद्गल्यायनाची, ज्याने प्रेतयोनीत भुकेने तळमळणाऱ्या मातेला सोडविले. भिक्षू तिक न्यात हान्ह यांच्या १९६२ च्या एका लेखापासून या दिवशी छातीवर गुलाब लावण्याची चाल रूढ झाली: आई हयात असेल त्याला तांबडा, नसेल त्याला पांढरा. मठात वाढणाऱ्या मुलांनाही त्या दिवशी फूल लावतात. ज्याची आई दूर कोठे कारखान्यात राबते आहे, वर्षाकाठी एकदा भेटीला येण्याचे भाडेही जिच्यापाशी नाही, त्या मुलाचे फूल तांबडेच असते.