एकावर एक नकाशे

बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी गावे लागतात. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते. बेलवाडीला घोड्यांचे गोल रिंगण होते. पाटसहून बारामती व इंदापूर मार्गे जाणारा हा पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. वारकऱ्यांना चालण्यासाठी कडेने वेगळी वाट ठेवायचेही ठरले.

रस्ता रुंद होणार म्हणजे कोणाची तरी जमीन जाणार. कोणाचे किती गुंठे जाणार, कोणाची विहीर जाणार, हे आधी नकाशावर ठरते. 'नकाशा' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत आपण 'नक्शा' म्हणतो. 'जमीन' आणि 'हद्द' हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत.

पूर्वी असे आराखडे ट्रेसिंग पेपरवर काढत. हा कागद दुधी रंगाचा असतो आणि त्यातून खालचे दिसते. एका कागदावर शेतांच्या हद्दी व गट नंबर काढायचे, दुसऱ्यावर कालव्याचे फाटे आणि चाऱ्या, तिसऱ्यावर नवा रस्ता. मग काचेच्या टेबलाखाली दिवा लावून तिन्ही कागद एकावर एक ठेवायचे. रस्ता कोठे चारी ओलांडतो, कोणाच्या विहिरीवरून जातो, हे लगेच दिसे. नीरा डाव्या कालव्याच्या या भागात चाऱ्या इतक्या आहेत, की एकाच कागदावर सारे काढले तर नुसता गुंता होईल.

आता हेच काम संगणकावर होते. ऑटोकॅड नावाची आज्ञावली १९८२ साली आली. तिच्यात कागदांऐवजी थर असतात. त्यांना लेयर म्हणतात. प्रत्येक थराला नाव आणि रंग देता येतो. हद्दी पिवळ्या, पाणी निळे, रस्ता लाल. नको तो थर दिव्यासारखा बंद करता येतो. पण बंद केलेला थर फक्त दिसत नाही. तो सुरक्षित नसतो. सगळे निवडून पुसा, अशी आज्ञा दिली तर बंद थरावरच्या रेषाही पुसल्या जातात. म्हणून हद्दींच्या थराला कुलूप लावतात. तशी सोय ऑटोकॅडमध्ये आहे. कुलूप असले की रेषा दिसते, पण हलत नाही.

खरी कसोटी मात्र थर जुळवण्याची आहे. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. नवा रस्ता मीटरमध्ये आखतात. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून कोणी साखळी १० मीटरची धरली, तर एका साखळीत जेमतेम सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. त्याकडे कोण लक्ष देणार? पण १०० साखळ्यांवर तोच फरक ५ मीटर ८४ सेंटिमीटर होतो! रस्त्यापासून पाच मीटर दूर असलेली विहीर मग नकाशात रस्त्यात येऊ शकते. जिची जमीन जात नाही तिला नोटीस येते, आणि जिची खरोखर जाते तिचे नाव मोबदल्याच्या यादीत नसते. पडद्यावर मात्र दोन्ही नकाशे सारखेच सुबक दिसतात.

यासाठी जमिनीवरच्या न हलणाऱ्या खुणा घेतात: हद्दीचा दगड, जुना पूल, देवळाचा किंवा मशिदीचा कोपरा. दोन खुणा जुळवल्या, की नकाशा सरकवून, फिरवून, लहानमोठा करून बसवता येतो. तिसरी खूण तपासणीसाठी ठेवतात. ती जुळली नाही तर काम तिथेच थांबवावे. जुना कागद ओलाव्याने ताणला गेला असेल, किंवा मापात चूक असेल. अशा वेळी शेतात जाऊन पुन्हा मोजण्याला पर्याय नाही.

तुम्हीही हे करून पाहा. तीन पातळ बटर पेपर घ्या. एकावर मोहल्ल्यातले रस्ते काढा, दुसऱ्यावर पाण्याचे नळ, तिसऱ्यावर घरे. तिन्ही कागदांवर शाळेचे फाटक आणि मशिदीचा कोपरा अधिकच्या चिन्हाने दाखवा. मग ती चिन्हे जुळवून कागद खिडकीच्या काचेवर धरा.